कोर्स पूर्ण झाला, पण नोंद कुठाय?

नोटीस बोर्डावर डिफॉल्टर लिस्ट लागली की कॉलेजात दोन प्रकारचे लोक सापडतात. एक, जे वर्गाकडे फिरकलेच नाहीत, पण मित्रांच्या प्रॉक्सीमुळे लिस्टमध्ये नाहीत. दुसरे, जे पूर्ण तास पहिल्या बाकावर बसले, पण हजेरी झाली तेव्हा नेमके पाणी प्यायला गेले होते! हजेरीपटाच्या चौकोनात 'पी' किंवा 'ए' एवढंच मावतं. पोराला काही कळलं का, हे त्या चौकोनाला कोणी विचारलेलंच नसतं.

हीच भानगड कंपन्यांच्या ऑनलाइन ट्रेनिंगमध्ये फार मोठ्या प्रमाणावर चालू आहे, आणि आपल्यापैकी बरेच जण उद्या एकतर असे कोर्स करणार आहेत किंवा बनवणार आहेत. ज्यांचं कॅम्पस होईल त्यांचा पहिला आठवडा यातच जातो. इन्फर्मेशन सिक्युरिटी, आचारसंहिता, २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याचं ट्रेनिंग... 'नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट' आणि शेवटी दहा प्रश्न. आपण केलेल्या प्रत्येक 'नेक्स्ट'ची नोंद कुठेतरी जाते. कोर्स एका कंपनीने बनवलेला, तो चालतो दुसऱ्या कंपनीच्या एलएमएसवर, म्हणजे लर्निंग मॅनेजमेंट सिस्टीमवर. या दोघांनी एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलायचं, हे ठरवणारं स्टँडर्ड लागतं. सध्या त्यात तीन नावं मुख्य आहेत : स्कॉर्म, एक्सएपीआय आणि सीएमआय-५. कोणतं घ्यायचं यावर हेड ऑफिसच्या एसी मीटिंग रूममध्ये चर्चा होते, प्रेझेंटेशन होतात, आणि बहुतेक वेळा जे व्हेंडरला सोपं ते ठरतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे स्टँडर्ड निवडताना त्या मीटिंग रूमकडे बघू नये. कंपनीच्या यादीत ज्या माणसाचं नेट सगळ्यात वाईट आहे, त्याच्याकडे बघून ठरवावं.

असं का वाटतं, तर मी कनेरगाव नाक्याचा. हिंगोली-वाशिम रस्त्यावर आमचं गाव, जिल्ह्याच्या अगदी टोकाला. अलीकडे मराठवाडा, पलीकडे वाशिम जिल्हा म्हणजे विदर्भ. एकेकाळी या बाजूला निजामाचं राज्य होतं आणि त्या बाजूला वऱ्हाड. अकोला-पूर्णा लाइनवर आमचं स्टेशनही आहे (हॉस्टेलवर अजून कोणाला हे गाव नकाशावर सापडलेलं नाही, ते सोडा). 'कॉर्पोरेट ट्रेनिंग' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हिंजवडीचा काचेचा डबा येतो. पण विमा कंपनी, बँक, बियाणं-खतांची कंपनी, मायक्रोफायनान्स, कुरिअर, मोबाईल टॉवरची देखभाल करणारी एजन्सी या सगळ्यांची माणसं आमच्यासारख्या गावांतूनच कामं करतात. त्यांचंही ट्रेनिंग ऑनलाइनच होतं, आणि ते होतं मोबाईलवर.

आमच्या गल्लीतल्या एका दादाचं उदाहरण सांगतो. विमा क्षेत्रात 'पॉइंट ऑफ सेल्स पर्सन' नावाचा एक प्रकार आहे. दहावी पास माणूस हे काम करू शकतो, पण त्याआधी १५ तासांचं ट्रेनिंग आणि नंतर परीक्षा, असा विमा नियामकाचा नियम आहे. दादाने हे ट्रेनिंग एका कंपनीच्या पोर्टलवर मोबाईलवरून केलं. दिवसभर दुकान, रात्री जेवण झालं की गच्चीवर जाऊन कोर्स, कारण रेंज तिथेच. त्याच्या हिशोबाने पंधरा तास कधीच होऊन गेले होते. पोर्टल म्हणत होतं नऊ! परीक्षेचं बटण काही उघडेना. हेल्पलाइनवर उत्तर मिळालं, "सर, आपण कोर्स नीट बंद केला नसेल." आता नेट गेल्यावर कोर्स नीट बंद कसा करायचा, हे काही त्या ताईंनी सांगितलं नाही. शेवटी दादाने सहा तासांचं तेच ते पुन्हा बघितलं. सोयाबीनचे पैसे लोकांच्या हातात आले होते, पॉलिसी विकायचे दिवस होते, ते निघून गेले.

त्या पोर्टलच्या आत नेमकं काय होतं, ते मला बघता आलेलं नाही. पण 'नीट बंद केला नसेल' हे वाक्य ऐकलं की या विषयातल्या माणसाच्या डोक्यात एकच नाव येतं, ते म्हणजे स्कॉर्म.

थोडा इतिहास. सुरुवात झाली विमानांपासून. एअरलाइन्स आणि विमान बनवणाऱ्यांना कॉम्प्युटरवरून ट्रेनिंग द्यायचं होतं आणि प्रत्येकाचं सॉफ्टवेअर वेगळं. म्हणून १९८८ मध्ये एआयसीसी नावाची समिती निघाली. पुढे १९९७ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने एडीएल हा उपक्रम सुरू केला. सैन्यासाठी एकच कोर्स दहा सिस्टीमसाठी दहा वेळा बनवायचा हा खर्च त्यांना परवडेना. त्यातून २००० च्या जानेवारीत स्कॉर्मची पहिली आवृत्ती आली. २००१ च्या ऑक्टोबरमध्ये आली १.२, आणि ती इतकी चालली की आजही कोणतीही एलएमएस उघडा, ती स्कॉर्म १.२ खातेच. नंतर स्कॉर्म २००४ आलं, त्याच्याच चार एडिशन झाल्या, शेवटची २००९ मध्ये. एआयसीसीने २०१४ मध्ये दुकान बंद केलं.

मुंबई-पुण्यातल्या ई-लर्निंग कंपन्यांनी या स्कॉर्मवर खूप काम केलं. मुंबईची टाटा इंटरॅक्टिव्ह सिस्टीम्स तर १९९० पासून या धंद्यात होती, २०१८ मध्ये ती एमपीएस कंपनीने घेतली. आपले कितीतरी सिनियर्स परदेशी बँकांसाठी आणि औषध कंपन्यांसाठी स्कॉर्मची झिप फाइल बनवूनच पोट भरतात. त्यामुळे स्कॉर्मला शिव्या घालणं हा माझा उद्देश नाही.

स्कॉर्म चालतं कसं? कोर्सची झिप फाइल, आत एक मॅनिफेस्ट, म्हणजे कोर्समध्ये काय काय आहे त्याची यादी. कोर्स ब्राउजरमध्ये उघडला की तो आपल्या वरच्या विंडोमध्ये 'एपीआय' नावाचं जावास्क्रिप्ट ऑब्जेक्ट शोधतो. सापडलं की 'मी सुरू झालो' म्हणतो, मध्ये मार्क आणि स्टेटस सांगतो, 'सेव्ह कर' म्हणतो आणि शेवटी 'मी संपलो' म्हणतो. बस्स. साधं आणि सुटसुटीत. जर्नलच्या इंडेक्ससारखं, कॉलम ठरलेले, सही ठरलेली.

पण यामागे काही गृहीतकं आहेत, ती २००१ सालची. माणूस खुर्चीत बसलाय, समोर डेस्कटॉप आहे, नेटची वायर लावलेली आहे आणि कोर्स संपल्यावर तो शहाण्यासारखं 'एक्झिट' दाबतो. तेव्हा आपल्याकडेही चित्र असंच होतं. एमकेसीएल २००१ मध्ये स्थापन झाली आणि एमएस-सीआयटी गावोगाव पोचलं, तेव्हा लोक सेंटरवर जाऊन, ठरलेल्या बॅचला, ठरलेल्या मशीनवर बसून शिकत होते. आज तोच माणूस गच्चीवर उभा आहे, हातात फोन, आणि मध्येच सासऱ्यांचा फोन आला की ब्राउजर मागे जातो आणि अँड्रॉइड त्याला मारून टाकतं.

आता स्कॉर्म १.२ मध्ये 'किती वेळ बसला' हे कोण मोजतं? एलएमएस नाही, कोर्स स्वतः मोजतो! एका बैठकीचा वेळ तो 'सेशन टाइम' म्हणून कळवतो आणि एलएमएस तो एकूण वेळेत मिळवते. बरेच कोर्स हा आकडा अगदी शेवटी, बंद होताना पाठवतात. बंद व्हायच्या आधी नेट गेलं किंवा टॅब मेला, की ती बैठक गेली. उलट एखाद्याने कोर्स उघडा ठेवून क्रिकेट बघितलं, तरी तीन तास मिळू शकतात. म्हणजे पुन्हा तीच डिफॉल्टर लिस्ट. त्यात २०२० मध्ये क्रोमने पान बंद होतानाची एक जुनी सोय काढून घेतली. पूर्वी पान बंद होताना सर्व्हरला निरोप देऊन, उत्तर येईपर्यंत थांबून मगच बंद होता यायचं. ते बंद झालं आणि 'जाता जाता सेव्ह करू' म्हणणाऱ्या अनेक कोर्सेसची पंचाईत झाली.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. स्कॉर्म १.२ मध्ये 'पूर्ण केला' आणि 'पास झाला' यांना वेगळी जागाच नाही. 'लेसन स्टेटस' नावाचा एकच रकाना, त्यात 'पास्ड', 'कम्प्लिटेड', 'फेल्ड', 'इनकम्प्लीट' यांपैकी एकच शब्द बसतो. समजा, विजेच्या खांबावर चढणाऱ्या कंत्राटी कामगाराचा सेफ्टीचा कोर्स आहे. त्याने सगळी पानं बघितली, पण टेस्टमध्ये नापास झाला. रकान्यात काय लिहायचं? कोर्स बनवणाऱ्याने 'कम्प्लिटेड' लिहायची सेटिंग ठेवली असेल, तर रिपोर्टमध्ये हा माणूस हिरवा दिसतो आणि दुसऱ्या दिवशी खांबावर चढतो. स्कॉर्म २००४ ने ही चूक सुधारली, पूर्ण होणं वेगळं आणि पास होणं वेगळं असे दोन रकाने केले. पण लोक अजून १.२ च मागतात, कारण ते सगळीकडे चालतं.

तिसरी गंमत आपल्या मराठीशी संबंधित आहे. माणूस कुठपर्यंत आला, काय उत्तरं दिली, हे पुढच्या वेळेसाठी साठवायला १.२ मध्ये ४०९६ कॅरेक्टर्सची जागा मिळते. (२००४ च्या तिसऱ्या एडिशनमध्ये ती ६४,००० झाली.) मोठा कोर्स असला की एवढी जागा पुरत नाही आणि कोर्स पुन्हा पहिल्या पानावर येऊन बसतो. नियमात मोजणी कॅरेक्टर्समध्ये आहे, पण एखाद्या एलएमएसच्या डेटाबेसमध्ये ती बाइट्समध्ये झाली, तर यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे मराठीत उत्तर लिहिणाऱ्याला इंग्रजीवाल्याच्या एक तृतीयांश जागा! ज्यांचा मराठी कोर्स मध्येच 'हँग' होतो, त्यांनी एकदा हे तपासून बघावं.

मग नवीन काय? एडीएलनेच पुढे रस्टिसी सॉफ्टवेअर या कंपनीकडून 'टिन कॅन' नावाचा प्रोजेक्ट करून घेतला. त्यातून २०१३ मध्ये एक्सएपीआय १.० आलं. २०२३ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आयट्रिपलईचं स्टँडर्ड म्हणून प्रसिद्ध झाली. याची कल्पना आठवीच्या व्याकरणाच्या तासाला समजेल अशी आहे. प्रत्येक नोंद म्हणजे एक वाक्य : कर्ता, क्रियापद, कर्म. 'अमुकने तमुक व्हिडिओ पाहिला.' 'अमुकने टेस्ट दिली, मार्क ७२.' ही वाक्यं लर्निंग रेकॉर्ड स्टोअर नावाच्या कोठारात जातात. ब्राउजरची सक्ती नाही. मोबाईल अॅप, सिम्युलेटर, कारखान्यातलं मशीन, कोणीही वाक्य पाठवू शकतं. क्रियापद दाखवायचा शब्द वेगवेगळ्या भाषांत देता येतो, म्हणजे मराठीतही.

आणि आमच्या गच्चीवरच्या दादासाठी महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक वाक्याला स्वतःचा एक युनिक नंबर असतो आणि दोन वेळा असतात. एक, गोष्ट घडली ती वेळ. दुसरी, कोठारात नोंद पोचली ती वेळ. नेट नसेल तर अॅप वाक्यं जमवून ठेवू शकतं आणि रेंज आल्यावर पाठवू शकतं. पोचलं की नाही याची खात्री नसेल तर तेच वाक्य पुन्हा पाठवा, नंबर तोच असल्यामुळे नोंद दुबार होत नाही. मनीऑर्डरच्या पावतीसारखं आहे हे.

हे वाचून कोणी म्हणेल, मग झालं की, एक्सएपीआय घ्या आणि मोकळे व्हा! इथेच लोक फसतात. एक्सएपीआयमध्ये क्रियापद कोणतंही वापरायची मोकळीक आहे. एक व्हेंडर लिहितो 'पूर्ण केला', दुसरा 'संपवला', तिसरा 'वाचून काढला'. माणसाला तिन्ही कळतात, रिपोर्ट काढणाऱ्या प्रोग्रामला नाही. शिवाय एलएमएसने कोर्स उघडायचा कसा, माणसाची ओळख कशी द्यायची, पास कधी मानायचं, यातलं काहीच एक्सएपीआय स्वतः ठरवत नाही. वाक्यरचना दिली पण शब्दकोश आणि नियम दिले नाहीत, असा प्रकार. 'आमचं प्रॉडक्ट एक्सएपीआय कंपॅटिबल आहे' या ब्रोशरमधल्या ओळीला म्हणूनच फार किंमत देऊ नये.

ही पोकळी भरायला सीएमआय-५ आहे. त्याचं काम एआयसीसीमध्ये सुरू झालं, नंतर ते एडीएलकडे गेलं आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. आतून ते एक्सएपीआयच आहे, पण शिस्तीचं. नऊ क्रियापदं ठरलेली. 'इनिशियलाइज्ड'ने सुरुवात, 'टर्मिनेटेड'ने शेवट. अर्धवट सोडलं तर एलएमएस 'अबँडन्ड' अशी नोंद करते, म्हणजे 'काहीच झालं नाही' आणि 'सुरू झालं होतं पण तुटलं' यातला फरक कागदावर राहतो! दादाच्या केसमध्ये हेच तर हवं होतं. पुढच्या धड्यात जायला पूर्ण करणं पुरे, पास होणं हवं, की दोन्ही हवं, हेही आधीच लिहून ठेवता येतं. खांबावर चढणाऱ्याच्या कोर्सला 'दोन्ही' लिहा, विषय संपला.

सीएमआय-५ म्हणजे जादू नाही, हेही सांगायला हवं. कोर्स उघडताना त्याला एकदा एलएमएसकडून टोकन घ्यावं लागतं, म्हणजे सुरुवातीला नेट हवंच. मधल्या काळात नोंदी फोनमध्ये जपून ठेवण्याचं काम कोर्स किंवा अॅप बनवणाऱ्याला करावं लागतं, ते आपोआप होत नाही. आणि स्कॉर्म १.२ च्या तुलनेत ते कमी एलएमएसमध्ये मिळतं. म्हणून ज्या कंपनीची सगळी माणसं एका इमारतीत, लॅनवर बसतात आणि कोर्स अर्ध्या तासाचा आहे, तिने उगाच फॅशन म्हणून बदलू नये. तिला स्कॉर्म पुरतं. फक्त कोर्स बनवणाऱ्याला सांगावं की प्रत्येक पानाला सेव्ह कर, शेवटची वाट बघू नकोस. एवढं केलं तरी अर्ध्या तक्रारी मिटतील. पण ज्या कंपनीची निम्मी माणसं कनेरगावला, सेनगावला, रिसोडला फिरतात, तिने स्कॉर्म मागणं म्हणजे खेड्यातल्या माणसाला शहरातल्या घड्याळाने मोजणं आहे.

'गावात असं कुठे चालतं का' असं म्हणणाऱ्यांसाठी आपल्याच देशातलं उदाहरण आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये शिक्षकांसाठी दीक्षा सुरू झालं आणि २०२० मध्ये निष्ठा हे शिक्षक प्रशिक्षण त्यावर ऑनलाइन आलं. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या गुरुजींनी ते मोबाईलवर केलेलं आहे. दीक्षा ज्या सनबर्ड प्रणालीवर उभं राहिलं, तिची टेलिमेट्री म्हणजे नोंद ठेवण्याची पद्धत स्वतःची आहे, कल्पना मात्र एक्सएपीआयच्या जवळची. सुरू, शेवट, प्रश्नाचं उत्तर, अशा छोट्या छोट्या घटना. अॅपमध्ये धडा डाउनलोड करायचा, नेट नसताना बघायचा, नोंदी फोनमध्ये साठतात आणि नेट आल्यावर जातात. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठीचं आयगॉट कर्मयोगीही सनबर्डच्याच पायावर उभारलं गेलं. सरकारला जे जमलं ते विमा कंपनीला जमू नये?

तांत्रिक भाग इथे संपतो, पण एक निर्णय स्टँडर्ड घेत नाही, तो माणसांनाच घ्यावा लागतो. ट्रेनिंगची शेवटची तारीख ३१ मार्च. दादाने कोर्स संपवला ३१ ला रात्री साडेअकराला, नोंद पोचली २ एप्रिलला सकाळी. कोणती तारीख धरायची? घडल्याची की पोचल्याची? एक्सएपीआय दोन्ही ठेवतं, पण निवड करत नाही. फोनचं घड्याळ मागे करून फसवणारे निघतील, हेही खरं (आपण हॉस्टेलवाले, आपल्याला कोणी सांगायला नको!). माझ्या मते घडल्याची वेळ धरावी, पोचायला दोन-तीन दिवसांची सूट द्यावी आणि संशयास्पद वाटेल तेवढंच तपासावं. दोन-चार चोर पकडण्यासाठी सगळ्या गावाला पोचल्याची तारीख लावणं बरं नव्हे. आणि हा नियम कोर्स सुरू व्हायच्या आधी, मराठीत, पहिल्याच पानावर लिहिलेला असावा.

दुसरीकडे एक्सएपीआयच्या हातात कोलीत देऊनही चालणार नाही. कोणत्या मिनिटाला व्हिडिओ थांबवला, कोणता प्रश्न किती वेळा चुकला, रात्री किती वाजता अभ्यास केला, सगळं साठवता येतं. म्हणून सगळं साठवावं का? २०२३ मध्ये आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. पण कायदा बाजूला ठेवला तरी साधा विचार करा, 'हा माणूस एकच प्रश्न पाच वेळा चुकतो' ही ओळ तीन वर्षांनी त्याच्या प्रमोशनच्या फाइलमध्ये निघाली तर? १५ तास आणि पास-नापास एवढंच नियमाला हवं असेल, तर तेवढंच घ्यावं. कोर्स सुधारण्यासाठी बाकीचं हवं असेल तर नाव काढून घ्यावं.

सातव्या सेमिस्टरच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधणाऱ्यांना एक सुचवतो. लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम बरीच झाली. मूडल फुकट मिळतं, त्यात स्कॉर्म १.२ चा कोर्स चालतो. एक कोर्स त्यावर चढवा, फोनवर उघडा, पाच मिनिटांनी एअरप्लेन मोड लावा, पुढची दहा पानं बघा, ब्राउजर मारून टाका, मग नेट चालू करून रिपोर्टमध्ये किती मिनिटं दिसतात ते लिहून ठेवा. तोच कोर्स सीएमआय-५ मध्ये बनवून पुन्हा तेच करा. दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की कोणत्याही व्हेंडरच्या प्रेझेंटेशनपेक्षा जास्त कळेल. फोन शक्यतो स्वस्तातला घ्या, आणि जमलं तर हिंगोली सोडल्यावर वाशिमच्या एसटीत बसून करा.